अध्याहृत कर्ता

सोलापुरात त्या काळी कागदावर राज्य करणारे दोनच जण होते: एक कलेक्टर आणि दुसरे मी शिकवत होतो त्या शाळेतले व्याकरणाचे मास्तर. त्यांतल्या कलेक्टरच्या निदान हातापाया तरी पडता येई. मास्तरांच्या लाल शाईतून सुटलेला कागद मी कधी पाहिला नाही. दुकानाची पाटी, नाटकाची जाहिरात, भिंतीवर कोळशानं लिहिलेली शिवी, सगळं त्यांना तपासायला आलेल्या वहीसारखं दिसे. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी चौदा चुका काढून मला परत केली, खाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला, आणि लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी येऊन पंगतीत आग्रहानं वाढलं. बाजारातल्या एका दुकानावर 'येथे चादर मिळतात' अशी पाटी होती. मास्तर जाता-येता त्या दुकानदाराला अनेकवचन समजावून सांगत. आठवडाभर ऐकून घेतल्यावर तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, गिऱ्हाइकाला चादर पायजे हाय, अनेकवचन न्हाय." तेव्हा मास्तरांनी शेजारच्याकडून शिडी आणली आणि स्वतः वर चढून 'र'ला दीर्घ वेलांटी काढून दिली.

गंमत अशी, की एवढी सोवळी मराठी बाळगणारे मास्तर मूळचे मैंदर्गीचे आणि घरात कानडी बोलणारे. आम्हांला मराठी आईच्या कडेवर बसून फुकट मिळाली, म्हणून आम्ही ती वाटेल तशी उधळत असू. त्यांनी ती पुस्तक मांडीवर घेऊन मिळवलेली, त्यामुळे जिवापाड जपत. फक्त राग अनावर झाला, की ही सारी मेहनत पाण्यात जाई आणि शब्दांची लिंगं जागा सोडत. 'माझा वही कोण घेतला?' असा आवाज वर्गातून आला, की बाजूच्या वर्गातली पोरंसुद्धा हाताची घडी घालून बसत. त्या चुकीला हसण्याची हिंमत शाळेत कुणालाच नव्हती, हेडमास्तरांना तर नव्हतीच.

मास्तरांचा खरा जीव होता कर्त्यावर. वाक्यात क्रिया आहे म्हणजे ती करणारा कुणीतरी असलाच पाहिजे, आणि तो सापडेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे. एकदा आमच्या शिपायानं येऊन सांगितलं, "मास्तर, कप फुटला." मास्तर म्हणाले, फुटला म्हणू नकोस, फोडला म्हण, आणि कर्ता सांग. शिपाई जरा घुटमळून म्हणाला, "मीच की." मास्तर इतके खूश झाले, की त्याला स्वतःच्या डब्यातली शेंगांची पोळी दिली. पूर्ण वाक्य बोलणारा माणूस फार दुर्मीळ असतो, असं ते त्या दिवशी आम्हां सगळ्यांना ऐकवत होते. सरकारचा मात्र या बाबतीत त्यांना अनुभव नव्हता.

तो लवकरच आला. सन तीसच्या उन्हाळ्यात शहरात गोळीबार झाला आणि मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणाऱ्याला शिक्षा होऊ लागली, तेव्हा आम्हां शिक्षकांच्या टोप्या एका सकाळीत काळ्या झाल्या. जूनमध्ये शाळा उघडली, तर भिंतीवर सरकारी जाहीरनामा डकवलेला. जमावावर गोळीबार करण्यात आला, शांतता राखण्यात आली, टोपी घालण्यास मनाई करण्यात येत आहे, असा मजकूर. आम्ही तो वाचून मान खाली घालून आत गेलो. मास्तरांनी तो फळ्यावर उतरवून घेतला आणि पाचवीच्या वर्गाला वाक्यं सोडवायला दिली: क्रियापद ओळखा, कर्म ओळखा, कर्ता ओळखा.

चाळीस पोरांनी चाळीस वह्यांत एकच उत्तर लिहिलं: कर्ता अध्याहृत. म्हणजे आहे, पण वाक्यात दाखवलेला नाही. मास्तरांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. पोरांनी वह्या घरी दाखवल्या, एकाचे वडील कचेरीत होते, आणि आठ दिवसांत शिक्षणखात्याचे डेप्युटी साहेब आमच्या व्याकरणाच्या प्रगतीची चौकशी करायला स्वतः आले. एरवी ते वर्षातून एकदा येत आणि मुलांकडून कविता म्हणवून घेत.

साहेब मोठे समजूतदार. त्यांनी बरोबर एक छापील हमीपत्र आणलं होतं. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होईल असे काहीही शिकविले जाणार नाही, आणि खाली सही. प्रत्येक शिक्षकानं ती करायची, नाहीतर शाळेची ग्रँट जायची. मी चित्रकला शिकवत असे. माझ्या आंब्याच्या चित्रानं साम्राज्य हादरेल अशी भीती मला कधी वाटली नव्हती, तरी मीही मोत्यासारख्या अक्षरात सही केली. गणिताच्या मास्तरांनी केली, भूगोलाच्या मास्तरांनी केली, हेडमास्तरांनी तर दोनदा केली. मास्तरांनी तो कागद घेतला आणि सही करायचं सोडून सवयीप्रमाणे लाल दौत उघडली.

साहेबांनी त्यांना शेजारी बसवून समजावलं. कर्तरी-कर्मणी प्रयोगाचा धडा काही दिवस बाजूला ठेवा, म्हणाले, कर्ता शिकवायचाच तर 'राम आंबा खातो' हे वाक्य काय वाईट आहे? त्यात कर्ता आहे, कर्म आहे, शिवाय कुणाची तक्रार नाही. मास्तर म्हणाले, ते वाक्य पोरांना दुसरीत शिकवून झालंय. साहेबांनी मग आवाज जरा चढवला. इथं काय शिकवायचं ते सरकार ठरवील, तुम्ही नव्हे.

मास्तर उठून उभे राहिले.

"हा भाषा सरकारचा नाही, साहेब," ते म्हणाले. "पोरानं विचारला कर्ता कोण, तर मी खोटा उत्तर देणार नाही."

तीन चुका झाल्या होत्या. त्या आम्ही सगळ्यांनी ऐकल्या, आणि इतकं शुद्ध मराठी मी त्यापूर्वी किंवा त्यानंतर ऐकलेलं नाही. साहेबांनी घड्याळ काढून पाहिलं. आम्ही आपापल्या काळ्या टोप्या सारख्या केल्या.

शाळेच्या कमिटीची बैठक दुसऱ्याच दिवशी भरली. शाळेत सुंदर अक्षर माझं, म्हणून हुकूम लिहायला मला बोलावलं. 'शाळेच्या हितास्तव आपणांस सेवेतून मुक्त करण्यात येत आहे,' असं मला सांगण्यात आलं आणि माझ्याकडून ते लिहिलं गेलं. बघा, सवय कशी लागते. मास्तरांनी हुकूम वाचला, त्यात एकही चूक काढली नाही, आणि मला एवढंच विचारलं, "हे ठरवलं कुणी?" मी कमिटीकडे बोट दाखवलं. कमिटीनं ग्रँटकडे दाखवलं. ग्रँट काही बोलत नाही. मास्तरांनी कोट घातला, पोरांच्या तपासलेल्या वह्या माझ्या हवाली केल्या आणि निघून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी मैंदर्गीला गेलो. मास्तर भावाच्या भुसार दुकानात बसले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. आत ओरडून कानडीत भाकरी टाकायला सांगितली. मी वाटेनं येताना सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती: मी एकट्यानं काय केलं असतं, शाळा बंद पडली असती तर पोरांचं काय झालं असतं, तुम्हीच जरा नमतं घ्यायला हवं होतं. ते टाकून बोलणार आणि मीही ऐकवणार, अशा तयारीनं मी गेलो होतो. त्यांनी आधी पाचवीचा वर्ग कुठवर आला ते विचारलं. मी सांगितलं, की प्रयोगाचा धडा आता शिकवत नाहीत. ते थोडा वेळ गुळाच्या ढेपेवरच्या माश्या वारत राहिले.

मग म्हणाले, "तुम्ही सही केलीत ना?"

"केली."

"बरं केलंत. तुमची आई थकलीय, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. तुम्ही करायलाच हवी होती."

मोटार सुटेपर्यंत ते माझ्याबरोबर उन्हात उभे राहिले आणि वाटेत खायला म्हणून शेंगदाण्यांची पुडी त्यांनी माझ्या खिशात घातली. त्यानंतर मी एकवीस वर्षं नोकरी केली, निरोपाच्या समारंभात हार घेतला, माझ्याविषयी कुणाचीही कसलीही तक्रार नाही. त्या दिवशी मास्तर मला लागेल असं एक वाक्य बोलले असते, तर मीही भांडून मोकळा झालो असतो.