केसरबाईला तेवीस मार्क

धारूरच्या घाटाखाली एका खाजगी डेअरीत वनमाला नऊ वर्षं दुधाचे नमुने तपासत होती, आणि या नऊ वर्षांत तिने एकट्या आकड्यावर कधी भरवसा ठेवला नव्हता. एकाच कॅनचं दूध ती दोनदा मशीनला लावायची. दोन्ही आकडे जुळले तर वहीत, नाहीतर आधी मशीन धुवा. "ताई, दूध तपासती का दुधाला कोर्टात उभं करती?" असं टँकरवाला अंगद रोज विचारायचा. उत्तर द्यायला तिला सवड नसायची.

अशा बाईच्या हातात एका सोमवारी एक यादी पडली. डेअरीचे मालक गहिनीनाथ अण्णा यांनी पुण्याच्या कुठल्याशा कंपनीकडून व्यक्तिमत्त्व चाचणी आणली होती. मोबाईलवर साठ प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. सगळ्या बावीस माणसांनी ती दिली होती. वनमालाला शंभरात एक्क्याण्णव! पुढे शेरा, 'जन्मजात नेतृत्व'. पुढच्या एक तारखेपासून ती सातही गावांच्या दूध केंद्रांची सुपरवायझर होणार होती. वनमाला हरखून गेली. यादी तीनदा वाचली, नवऱ्याला फोन लावला, त्याच्याकडून पेढ्यांचं कबूल करून घेतलं. मग तिची नजर तळाशी गेली. 'केसरबाई, तेवीस. नेतृत्वगुण नाहीत. केंद्रप्रमुख पदावरून कमी करावे.'

केसरबाई! घरची शेरडं राखता राखता डोंगरावरच्या वस्त्यांतून फिरून, कुणाशी भांडून, कुणाला गोंजारून जिने अकरा वर्षांपूर्वी वरचं केंद्र उभं केलं, ती? वनमाला दुपारच्या टँकरमध्ये बसली आणि थेट वर गेली.

"मावशी, त्या मोबाईलवर तुमी काय उत्तरं दिली?"

"कावून गं? जे खरं हाय तेच दिलं. त्यानं इच्यारलं, चार लोकांच्या पुढं चालायला आवडतं का. म्हनलं, न्हाई."

"न्हाई कसं?"

"शेरडं राखनारानं मागंच चालावं लागतंय, बाई. पुढं गेलं तर लंगडं कोन मागं ऱ्हायलं, ते दिसनार कसं?"

वनमाला बाजेवरून उठलीच. प्रश्न मोजायला गेला होता एक आणि मोजून आला होता भलतंच! तिच्या डोक्यात दुसराही किडा वळवळला. ज्या मशीनचा आकडा दुसऱ्यांदा लावून पाहिलाच नाही, त्यावर एका बाईचं काम काढून घ्यायचं?

"अण्णा, दुधाचा नमुना आपन दोनदा लावतो अन् मानसाचा एकदाच?" दुसऱ्या दिवशी ती मालकांपुढे उभी राहिली.

अण्णा हसले. "लाव बाई दोनदा. पन एक तारखेच्या आत."

पंधरा दिवसांनी तिने एकेकाला धरून तीच चाचणी पुन्हा द्यायला लावली. निकाल येऊ लागले तशी तिला खुर्चीवर बसवेना. अंगद आधी 'शांत, एकलकोंडा' होता, आता 'धाडसी, बोलका' झाला. "पंधरा दिसांत मी कात टाकली का काय?" तो म्हणाला. एकवीसपैकी चौदा जणांचे मार्क तीस-तीसने इकडचे तिकडे! मग तिने परत आलेल्या कॅनचं रजिस्टर काढलं. अठ्ठ्याऐंशी मार्कवाल्या त्रिंबकच्या केंद्राचे वर्षात एकोणीस कॅन नासून परत आले होते. केसरबाईचे दोन. सातही केंद्रप्रमुखांचे मार्क रजिस्टरशेजारी मांडले, तर एकाचा दुसऱ्याशी काही मेळच नव्हता. वनमालाला ओरडावंसं वाटलं.

आता राहिली होती ती स्वतः. तिने चाचणी पुन्हा दिलीच नसती तरी कुणी विचारलं नसतं. पण नऊ वर्षांची खोड! तिने दिली, अगदी खरी खरी. सेहेचाळीस. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा, फार वाईट वाटलं. नवऱ्याने पेढे आणून ठेवले होते.

तीस तारखेला तिने सगळे कागद अण्णांच्या टेबलावर पसरले आणि एका दमात सगळं सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. अण्णांनी प्रत्येक नावावर बोट फिरवलं आणि ते तिच्या नावावर थांबलं.

"अगं, मंग तुजं एक्क्याण्णव बी खोटंच की!"

"खोटंच, अण्णा."

"सुपरवायझरकी जाईल तुजी."

"जाऊ द्या. पन मावशीचं काम जाता कामा नये."

 अण्णांनी चाचणीची यादी बाजूला सारली आणि रजिस्टर पुढे ओढलं. "बरं. सुपरवायझर ह्याच्यावरनं नेमू. ह्यातलं बारीक अक्षर मला दिसत न्हाई, तूच वाच. समद्यात कमी कॅन कोनाचे परत आले?"

"केसरबाईचे!" वनमाला एवढ्या जोरात म्हणाली, की बाहेर टँकर धुणारा अंगद नळ तसाच चालू ठेवून आत पळत आला.