जावयाच्या तोंडाला लावलेली ट्यूब

बसा, चहा येतोय. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या, म्हणजे निदान तुम्ही तरी कुणाच्या तोंडाला काही फासायला जाणार नाही.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. न्हावा शेव्याच्या बंदरात उतरणाऱ्या मालाचे कागद तपासायचे. कंटेनर न उघडता, नुसते कागद वाचून आत काय आहे ते सांगतो, असा माझा तोरा. हा तोरा मी हळूहळू घरातही आणला. बाथरूममधल्या प्रत्येक बाटलीच्या पाठचं बारीक अक्षर वाचायला लागलो. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड आहे की दुसरंच काही, मृत त्वचा काढायच्या क्रीममध्ये लॅक्टिक ॲसिड आहे की नुसता अक्रोडाच्या टरफलाचा भुगा, हे मी शेजाऱ्यांना जिन्यात थांबवून समजावायचो. बिचारे पहिल्या मजल्यावरचे लोकसुद्धा लिफ्टने जायला लागले. पुढचं नाव आणि गोड बाईचा फोटो बघू नका, पाठीमागची यादी वाचा, एवढंच माझं सांगणं असायचं.

तर, आमच्या मुग्धाचा साखरपुडा. मुलगा ओंकार, द्रोणागिरीला एका गोदामाच्या यार्डात सुपरवायझर. दिवसभर उन्हात उभा. हॉल आमच्या घराजवळच, पनवेलात. तिथे कपडे बदलायला धड खोली नव्हती, म्हणून तो सकाळीच आमच्याकडे तयार व्हायला आला. त्याची आई आणि बाकीची मंडळी मागून उरणहून यायची होती.

बायको सुनंदा आणि मुग्धा पार्लरला गेलेल्या. घरात मी आणि होणारा जावई. नुकतीच दाढी करून तो आरशासमोर उभा होता आणि कपाळावर बोट फिरवत होता. यार्डातल्या हेल्मेटच्या कडेची रेघ, तिच्या वर एक रंग, खाली दुसरा.

"काका, ही रेघ फोटोत दिसेल का हो?"

आता सांगा, हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला विचारायचा असतो का?

मी लगेच बाथरूममधून एक ट्यूब आणली. खालच्या मजल्यावरच्या रिबेकाताईंचा भाऊ इस्रायलला असतो, तो काही ना काही पाठवतो आणि ताई त्यातलं आम्हाला देतात. ट्यूबवर पुढे सगळं हिब्रूत, मला ओ की ठो कळत नव्हतं. पण पाठीमागची यादी इंग्रजीत होती. युरिया, लॅक्टिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड. मुग्धाची महागडी ट्यूब शेजारी धरून ताडून पाहिलं. तिच्यातही हीच नावं, पण यादीत पार खाली. यादीत जे वर, ते जास्त. म्हणजे ही ट्यूब भारी.

"पण काका, आजच लावायचं?" ओंकारने विचारलं.

"थोडा वेळ ठेवायचं आणि धुवायचं. वर सनस्क्रीन. बघ कसा दिसतोस ते."

होणाऱ्या सासऱ्याला नाही म्हणायची बिचाऱ्याची हिंमत नव्हती. मी स्वतःच्या हाताने लावलं.

"काका, चुणचुणतंय."

"म्हणजे काम करतंय."

जरा वेळाने म्हणाला, "काका, जळजळतंय."

"म्हणजे चांगलं काम करतंय."

त्यानंतर तो थेट बेसिनकडे धावला. टॉवेल बाजूला झाला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाल लालभडक, डोळ्यांतून धारा.

तरी मी सुधारलो का? नाही. दोन सनस्क्रीन घेऊन पुन्हा पाठचं वाचत बसलो. एकीत अल्कोहोल होतं, ती आणखी झोंबणार. दुसरीत झिंक ऑक्साइड, त्याने जळजळ कमी होईल. म्हणून ती जाड थापली. भिंतीला घाईत चुना मारल्यावर खालचा जुना रंग डोकावतो ना, तसा तो दिसायला लागला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात ओंकारची आई, सुमनताई. हॉलवर जायच्या आधी पोराला बघायला वर आल्या होत्या. बाई फार कमी बोलतात. शहरातली माणसं आपल्या पोराला कमी लेखतील या धास्तीने त्यांनी होकारही किती दिवस अडवून ठेवला होता. त्या ओंकारकडे बघतच राहिल्या.

"काय झाला र बाला? रडलास तू?"

"नाय ग आये, काय नाय."

"मग तोंडाला ह्या काय फासलास?"

"मीच लावला."

"तू कदी पावडर लावली नाय." त्या माझ्याकडे वळल्या. "काला पोरगा चालत नाय काय तुमाला? म्हनून गोरा करायला बसवलाव?"

मी ट्यूब पटकन पाठीमागे धरली. त्यातच मुग्धा आणि सुनंदा परत आल्या. मुग्धाने ओंकारचे डोळे पाहिले आणि ती जागीच थांबली.

"ओंकार, तू रडतोयस? तुला हे लग्न नको असेल तर आत्ता सांग."

तिची समजूत काढायला तो हसायला गेला. पण हसताना गाल ताणले गेले, ते इतके झोंबले की तोंड वेडंवाकडं झालं आणि डोळ्यांतून आणखी पाणी आलं. मुग्धाचाही चेहरा पडला.

"चल बाला," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. "गाडी खालीच हाय."

ओंकार आईकडे बघतो, मग मुग्धाकडे बघतो, आणि माझं नाव काही घेत नाही. मला वाटलं, झालं, माझ्या पोरीचं लग्न मी एका ट्यूबपायी मोडलं.

"ताई, मी लावलं," मी म्हणालो. "तो कचरत होता. त्याच्या रंगाचा काही संबंध नाही हो. त्याने हेल्मेटची रेघ दिसेल का एवढंच विचारलं, आणि मला माझी हुशारी दाखवायची होती. ही बघा ती ट्यूब."

मी हात पुढे केला तेव्हा रिबेकाताई साखरपुड्यासाठी नटूनथटून दारातून आत येत होत्या. त्यांनी ट्यूब पाहिली, मग ओंकारचं तोंड पाहिलं.

"अहो, हे तोंडाला लावलंत? सुनंदा, टाचांच्या भेगांसाठी दिली होती ना मी तुला? समोर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, टाचांसाठी म्हणून."

सुमनताईंनी ट्यूब माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"पोराला लावायच्या आदी तुमी सोता लावून बघितला नव्हता काय?"

"लावतो ना," मी घाईघाईने म्हणालो. "महिना झाला, रोज लावतोय तोंडाला. मला तर काहीच झालं नाही."

"तरीच ट्यूब संपत आली," सुनंदा म्हणाली.

सुमनताई जरा जवळ आल्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत माझा चेहरा त्यांनी नीट न्याहाळला.

"टाचंला काय होनार हाय?"

सगळ्यात आधी हसला तो ओंकार, दोन्ही हातांनी गाल धरून. मग मुग्धा. मग खुद्द सुमनताई.

साखरपुडा झाला. फोटो आलेत, हवे तर दाखवतो. जावई लालबुंद आहे, विहीणबाई हसतायत, आणि मी जवळपास प्रत्येक फोटोत स्वतःच्या गालावरून हात फिरवून बघतोय.