थान वेनलूच्या बटाट्याची परीक्षा

जावई व्हायचं असेल तर आधी बटाटा परतून दाखवा, असा थान वेनलूच्या घरचा कायदा होता. झिगाँग शहरात पुरुषाने स्वयंपाक केला तर कुणाला नवल वाटत नाही. बायकोचं ऐकणाऱ्याला इथे ‘मऊ कानांचा’ म्हणतात आणि तोही ते खुशाल मिरवतो. पण थान त्यातही वरचढ. छत्तीस वर्षं बसची इंजिनं खोलली, तरी गल्लीत त्याचं नाव झालं ते बटाट्यामुळे. काडेपेटीतल्या काडीहून बारीक काप, लाल मिरच्या, चार तिरफळं, कढईच्या कडेने व्हिनेगरची धार आणि दाताखाली कुरकुर. मऊ बटाटा म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं तो म्हणे. सासूबाईंनी आपल्याला एका बशीत पास केलं, हे तर तो प्रत्येक लग्नात सांगायचा.

त्याच्या कढईपाशी तीन मुलं नापास झाली होती. एकाने बोटाएवढे काप केले, दुसऱ्याने झाकण ठेवून बटाटा शिजवला, तिसऱ्याने तर किसणीच मागितली. तिन्ही वेळा त्याची एकुलती एक लेक यालान पोट धरून हसली होती. चौथ्या वेळी ती हसेना, कारण हा चौथा मुलगा, मंग हाय, तिला मनापासून आवडला होता. तो शानतुंगचा, उत्तरेकडचा. त्याच्या घरचे पुरुष स्वयंपाकघरात जातात ते फक्त पाणी प्यायला. लग्न झालं की यालान तिकडेच राहायला जाणार, हे थानला सलत होतं. तसं म्हणायला तोंड नव्हतं. हातात फक्त बटाटा होता.

रविवारी दुपारी मंग हाय आला. थानची बायको श्यूजन माजोंगचा डाव सोडून घरी थांबली होती, यावरूनच काय ते समजावं.

“बोटांना पट्ट्या कसल्या रे?” थानने विचारलं.

“दोन आठवडे सराव करत होतो, काका.”

“म्हणजे बटाटा जिंकला.”

पण पोराने काप झकास केले. थान स्टुलावर बसून खोट काढायला टपलाच होता, पण खोट सापडेना. तेल तापलं, मिरच्या तडतडल्या आणि मंग हायने कापांचं भांडं तसंच उचललं. न धुता.

थानला आता फक्त गप्प बसायचं होतं. चिकासकट काप कढईत पडले की खळीचा गोळा होणार आणि लेक घरात राहणार. दारात यालान चौकट धरून उभी होती. भांडं कढईवर कलायला लागलं.

“अरे गाढवा, आधी धू!”

थान उठलाच. भांडं हिसकावून त्याने नळाखाली धरलं, तीन पाण्यांनी काप धुतले, निथळले आणि परत दिले.

बशी टेबलावर आली. सगळ्यांनी खाल्लं. कुरकुर शेजारघरी ऐकू गेली असेल. थानने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

“नापास,” तो म्हणाला. “मदत घेतली.”

यालानचे डोळे भरले. श्यूजन मात्र शांतपणे खात होती.

“मग तूही नापास,” ती म्हणाली.

“मी? तुझ्या आईने माझी अख्खी बशी पुसून खाल्ली होती.”

“तू गॅलरीत मिरच्या तोडायला गेलास, तेव्हा तुझे काप कुणी धुतले? पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं.”

थान तिच्याकडे वळला. “बत्तीस वर्षं बोलली नाहीस?”

“गरज पडली नव्हती. आणि तू मला हवा होतास.”

मऊ कान लालबुंद झाले. थानने चॉपस्टिक्स उचलून बटाट्याचा भला मोठा घास मंग हायच्या वाडग्यात घातला.

“खा,” तो म्हणाला. “आणि तीन पाण्यांनी धूत जा. तिकडे मध्ये हात घालायला मी नसेन.”