कोपरा फाटलेला मेल

उन्हाळ्याच्या दुपारी कुठे नव्या कापडाचा, त्याच्या खळीचा वास आला की मी जागच्या जागी थांबते. कुणाला उदबत्तीच्या वासाने भरून येतं, मला मांजरपाटाच्या वासाने येतं. घरचे हसतात. हसोत बापडे. मला त्या वासात जुन्या जालन्यातली आमची गल्ली दिसते, तीही उन्हात जरा विरघळल्यासारखी, कडा नसलेली. समोर शेठजींचं दुकान, आत पांढरी गादी आणि गादीवर लोडाला टेकून पेंगणारे शेठजी.

शेठजींचं घराणं राजस्थानातलं. तुम्ही इकडे कधी आलात असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "निजामाला विचारा, त्याला ठाऊक असंल." दुकान बस्त्याचं होतं. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी टेम्पो भरून यायची, गादीवर ऐसपैस बसायची, चहा प्यायची, रुसायची, आणि नवरीच्या शालूपासून आत्याच्या खणापर्यंत सगळं कापड तिथेच घेऊन जायची. याला आमच्याकडे बस्ता फाडणं म्हणतात. माझं मूळ गाव कुंभार पिंपळगाव, आणि त्या गावचे बस्ते शेठजींकडेच फाटायचे. माझ्या आईचा आणि तिच्या सगळ्या बहिणींचाही तिथलाच.

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून आमच्या पुढच्या खोलीत इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाईक म्हणजे निकाल बघायला येणारी पोरं. बाकी वेळ मी आणि पंखा. तेव्हा गावाकडची मंडळी बस्त्यासाठी थेट औरंगाबादच्या काचेच्या दुकानांत जाऊ लागली होती. शेठजींची गादी दुपारभर रिकामी असायची. एक दिवस त्यांच्या मुलाने माझ्यासमोरच त्यांना सांगितलं, "पप्पा, ही लग्नसराई बघू. न्हाई जमलं तर जागा मोबाईलवाल्याला देऊन टाकू." शेठजींनी मान डोलावली. पण त्यांचा हात गादीच्या खोळीवरून फिरत राहिला, तान्ह्या लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा, आणि मला फार वाईट वाटलं.

मुलगा तसा दुष्ट नव्हता. त्यानेच शेवटचा उपाय काढला, ईमेलचा. औरंगाबादला कुणाचं तरी व्याख्यान ऐकून आला होता. विषय एका ओळीत मांडायचा, एका मेलमध्ये एकच गोष्ट सांगायची, आणि गिऱ्हाईकाने काय करायचं ते शेवटी साफ लिहायचं. शेठजींना हे सगळं एकदम पटलं. ते चप्पल घालून गल्ली ओलांडून माझ्याकडे आले, आणि येताना हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आले.

"हे कशाला शेठजी?"

"बेटा, शुभाची खबर कोरी धाडतात का कुठं?"

आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या मॉनिटरच्या कोपऱ्याला बोट टेकवलं.

मजकूर त्यांनीच सांगितला. मराठी अक्षरं पलीकडे चौकोन होऊन उगवायची, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. 'आपल्या शेठजींचं दुकान आता शेवटाला आलं. औंदाचा बस्ता इथंच फाडा. जल्दी येऊन जा.' मुलाला 'शेवटाला' खटकलं. शेठजी म्हणाले, "खरं हाये ते लिव. गिऱ्हाईकाशी झूट बोलून मी न्हाई बसलो या गादीवर."

पुण्यात नोकरीला असलेल्या गावच्या पोरांचे पत्ते मिळाले होते, तिकडे मेल गेला. एक अंकुशनगरच्या पीसीओवाल्याकडे गेला, कारण तो कुंभार पिंपळगावचा भाचा होता आणि त्याच्याकडे कॉम्प्युटर होता. मोडेमने घसा खाकरला, मेल गेला. शेठजी स्क्रीनकडे बघत बसले.

"कुठवर पोचला असंल?"

"पोचला शेठजी. तेव्हाच पोचला."

त्यांचा विश्वास बसला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "अंबड तरी लागलं असंल न्हाई?"

मी हो म्हटलं. पंखा फिरत होता, बाहेर ऊन पांढरं झालं होतं, आणि मलाही वाटायला लागलं की आमचा मेल खरंच गावाच्या वाटेवर अंबडच्या स्टँडवर उतरून पाणी पितोय, मग उसाच्या कडेकडेने पुढे चाललाय. आम्ही दोघं तसेच बसलो. मी आयुष्यात इतकी निवांत पुन्हा कधी बसले नाही.

पुण्याहून कुणाचंही उत्तर आलं नाही. रोज शेठजी दारातून हात हलवून विचारायचे, मी हात हलवून नाही म्हणायची. पोस्टमनची वाट बघावी तसं त्यांचं माझ्या खोलीकडे बघणं चाललं होतं.

मग एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. कुंभार पिंपळगावची मंडळी उतरली. पुढे माझ्या आईची थोरली बहीण, आमची मावशी. मी आनंदाने उभी राहिले आणि तशीच थिजले. बायकांनी पदर डोक्यावरून ओढले होते, पुरुष खाली मान घालून चालत होते. मला बघताच मावशीने गळा काढला, "कसं गं झालं हे! चांगला माणूस व्हता गं!"

तिच्या हातात कागद होता, माझाच मेल. पीसीओवाल्याचा प्रिंटर जुना, कडेला भोकांच्या पट्ट्या असलेल्या कागदाचा. त्याने घाईत पट्टी ओढली आणि पट्टीबरोबर वरचा कोपरा गेला. कोपऱ्यात पहिल्या ओळीच्या शेवटचं 'दुकान' गेलं. उरलं ते, 'आपल्या शेठजींचं आता शेवटाला आलं.' कागद त्याने काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरबरोबर गावात धाडला. आमच्याकडे कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताची खबर. असं पत्र कुणी पुढे वाचत नाही, बस्ता नाही नि काही नाही. वाचायच्या आधीच रडू फुटतं. शेठजींनी लावलेलं हळदी-कुंकू तर माझ्या मॉनिटरवरच राहिलं होतं.

मी काही सांगायच्या आत मंडळी दुकानात शिरली. गादीवर शेठजी बशीतून चहा पीत होते.

मावशीचा हुंदका अर्ध्यावर अडकला. मग शेठजींनीच विचारलं, "कोण गेलं?"

"तुमीच की!" मावशी म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला.

उलगडा व्हायला वेळ लागला. झाल्यावर आधी हसलं कोण ते मला आठवत नाही, पण शेठजींच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं हे आठवतं. एवढी माणसं आपल्या बापासाठी रडत येतील हे त्याला माहीत नव्हतं. मंडळींनी रिवाजाप्रमाणे त्याच्यासाठी दुखवट्याची टोपी आणि उपरणं आणलं होतं. ते आता लपवावं कुठे हे कुणाला कळेना. शेठजींनी हात पुढे केला, उपरण्याचं टोक दोन बोटांत चोळलं आणि त्यांचा चेहरा खरोखर पडला.

"दुसरीकडून घेतलं? माझ्या मयताला?"

"मंग काय तुमच्याच दुकानातून घेणार व्हतो का?" मावशी फणकारली. "आन ते बंद असंल असं वाटलं."

"रंग जाईल ह्याचा. एका धुण्यात."

मावशी गादीवर टेकली. "जिता माणूस बघितला, आता तसंच वापस कसं जायचं? अपशकुन व्हतो. नातीचं ठरून राह्यलंय. दाखवा शालू." मग संध्याकाळपर्यंत गादीवर कापडाचे डोंगर झाले. त्या लग्नसराईत आसपासच्या गावांतून लोक जिवंत शेठजी बघायला आले आणि बस्ते फाडून गेले. मोबाईलवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढच्या वर्षी शेठजी करंडा न घेताच माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मेल धाड बेटा. कोपरा फाडायचं तेवढं त्या पीसीओवाल्याला याद करून सांग." शेठजी मेल्याची ही थट्टा मग दर वर्षी झाली, आणि गावाकडेही ती पोचली.

काही वर्षांनी शेठजी खरंच गेले. दुपारीच, गादीवर, लोडाला टेकून. आधी सगळ्यांना पेंगतायत असंच वाटलं. मुलगा गल्ली ओलांडून माझ्याकडे आला. मी कॉम्प्युटरसमोर बसले खरी. पण या मेलवर तिकडे कोण विश्वास ठेवणार होतं? शेवटी मावशीला फोन लावला.

"मावशी, आपले शेठजी गेले."

तिकडे मावशी खळखळून हसली. "बरं बरं. लई लवकर मेले औंदा. सांग त्यांला, धाकटीचा बस्ता हाये, चांगला माल काढून ठिवा म्हनावं."

मी एवढंच म्हणाले, "मावशी, येऊन जा."

हसणं थांबलं. मग ती म्हणाली, "निघालो," आणि फोन ठेवला.

मुलगा माझ्या खोलीतल्या बाकावर बसून राहिला. पंखा फिरत होता. समोरच्या दुकानातून खळीचा वास येत होता. खूप वेळाने त्याने विचारलं, "कुठवर पोचले असतील?"

मी म्हटलं, "अंबड लागलं असंल."