राब कुठल्या टोकानं पेटवायचा

दातार सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दीपालीला विचारलं, "हे गाईड कुणी लिहिलंय, माहीत आहे का?"

"न्हाई सर," ती म्हणाली. "लायब्ररीतल्या प्रतीचं कव्हर फाटलंय."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. गाईड दातार सरांनीच लिहिलं होतं. आणि दीपालीच्या निबंधाच्या पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'गाईड लिहिणाऱ्यांनी भाताचं शेत गाडीतून पाहिलं असावं.'

मी लोणावळ्याजवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा बावीस वर्षं झाली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे प्रोजेक्ट असतो, वीस गुणांचा. दुसऱ्या कॉलेजातून एक परीक्षक येतो, त्याला आम्ही एक्स्टर्नल म्हणतो. तो प्रोजेक्ट वाचतो आणि विद्यार्थ्याला समोर बसवून प्रश्न विचारतो, ती व्हायवा. गुण त्यानं आणि वर्गशिक्षकानं मिळून द्यायचे असा नियम आहे. प्रत्यक्षात एक्स्टर्नल आकडा बोलतो आणि आम्ही सही करतो. यात आठच्या खाली गुण आले तर बाकीचे पेपर कितीही झकास गेलेले असोत, वर्ष अडकतं.

त्या वर्षी मी विषय दिला होता, 'जुनं साहित्य आणि माझं रोजचं जगणं.' वर्गात एकेचाळीस पोरं. नवलाख उंबरे गावच्या एकानं जुन्या कथेतला राजवाड्याचा दरवाजा आणि कंपनीचं गेट यांची तुलना केली होती, त्यात राजवाड्यात आत जाणं सोपं होतं असा निष्कर्ष होता. पवना धरणाकाठी तंबू भाड्यानं देणाऱ्या एकानं नाटकातल्या विदूषकावर लिहिलं होतं, कारण शनिवार-रविवारी तेच काम तो स्वतः करतो. बाकीच्यांपैकी तिसेक जणांनी गाईड उतरवलं होतं. त्यांची मला सवय आहे.

दीपालीनं घेतली होती अभ्यासक्रमातली एक जुनी कविता. कवितेत एक बाई आहे. नवरा लष्करात गेलाय, वर्ष झालं, खबर नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ती वाळका पाला, फांद्या, शेण असं सगळं गोळा करून जमिनीवर पसरते. वरून माती टाकते. मग वारा तोंडावर घेत उभी राहून ते पेटवते, आणि सगळं जळून गेल्यावर म्हणते, राख झाली, आता ये. संपली कविता.

गाईड सांगतं की बाईनं आपल्या आशा जाळल्या. माती टाकणं म्हणजे स्वतःला पुरणं. वाऱ्याला तोंड देणं म्हणजे नियतीला सामोरं जाणं. शेवटचं 'आता ये' हे नवऱ्याला नाही, मृत्यूला. मी बावीस वर्षं हेच शिकवत आले. शेवटच्या ओळीला माझा आवाज जरा कापायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

जानेवारीत दीपालीनं कच्चा निबंध दाखवायला आणला. तिचं घर पवनानगरच्या वर डोंगरात, पंधरा-वीस घरांची वाडी. वाडीतून बी.ए.पर्यंत आलेली ही पहिलीच. थोरला भाऊ शाळा सोडून एमआयडीसीत लागला तेव्हा घरात ठरलं होतं की दीपालीनं शिकायचं, पण एकदा नापास झाली की थांबायचं. हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, एसटीची वेळ सांगावी तसं.

निबंधात लिहिलं होतं की बाई मरायला वगैरे निघालेली नाही. ती राब भाजते आहे.

मी पुण्याची. राब हा शब्द मी ऐकलेला होता, एवढंच. मी लाल पेनानं शेरा मारला, 'कवितेचा शेतीशी संबंध नाही. गाईड पाहून पुन्हा लिहिणे.' दीपाली "व्हय बाई" म्हणून गेली आणि मार्चमध्ये तोच निबंध अक्षर सुधारून जमा केला.

"हे काय?" मी विचारलं.

"गाईड पाहिलं बाई. चारदा वाचलं," ती म्हणाली. "पण त्यांना कळलं न्हाई तर मी काय करू?"

जमा करायची मुदत संपत होती. मी सही केली आणि देवावर हवाला ठेवला. त्यानंतर आठवडाभरात एक्स्टर्नल कोण येणार ते कळलं, आणि देवानंही हात वर केल्याचं माझ्या लक्षात आलं.

तर, व्हायवा. दातार सरांनी चष्मा परत चढवला. गाईड आपलं आहे हे त्यांनी तिला सांगितलं नाही. मोठेपणा म्हणा नाहीतर डाव म्हणा.

"कवितेत राब हा शब्द कुठे आहे?"

"न्हाई सर, नाहीये." परीक्षेची भाषा आणि घरची भाषा तिच्या तोंडात एकमेकींना ढकलत होत्या. "पण पाला, टहाळ, शेण आणि वर माती. एवढं सगळं एका जागी आमी राब भाजायलाच आणतो. भाताचं बी पेरायच्या आधी ती जागा भाजून घ्यायची. तण मरतं, जमिनीला राख मिळते. मग रोप जोमानं येतं."

"आणि माती टाकणं? स्वतःला पुरण्याची प्रतिमा नाही ती?"

"माती टाकली न्हाई तर भसकन जळून जातं सर. राख उडून जाते. माती असली की दिवसभर धुमसतं."

"असेल. पण शेणमातीचा अर्थ लावायचा म्हटला तर कसाही लावता येतो. ती बाई दुःखात आहे हे तरी मान्य आहे का?"

"दुःखात असंलच की. पण वारा बगून पेटवतीय ती." दीपाली आता खुर्चीच्या कडेला आली होती. "वारा तोंडावर घेऊन उभी राहिलीय असं कवितेत आहे. म्हंजे वाऱ्याच्या खालच्या टोकाला. तितनं पेटवलं की आग वाऱ्याच्या उलट जाते, सावकाश, आणि जमीन नीट भाजते. जिवावर उदार झालेलं माणूस वारा कशाला बगंल?"

दातार सरांनी निबंधाचं शेवटचं पान उघडलं.

"मग 'आता ये' कुणाला?"

"नवऱ्याला. राख झाली, आता पेरणी, मग लावणी. लावणीला माणूस नको का? ती म्हणतीय, माझं काम झालं, आता तुजं."

सरांनी तिला जायला सांगितलं. संध्याकाळी चारपर्यंत चाळीस जणांचे गुण भरून झाले. दीपालीच्या नावापुढची चौकट त्यांनी मोकळी ठेवली.

"सर, तिचं वर्ष जाईल," मी म्हटलं. खरं तर मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं की ती बरोबर आहे. पण मला ते माहीतच नव्हतं आणि माहीत असल्याचं सोंग आणण्याइतकी माझी तयारी नव्हती.

"आठ दिले तर पास होईल," ते म्हणाले. "पण ती बरोबर असेल तर आठ कमी आहेत आणि चूक असेल तर आठ जास्त आहेत. हे राब प्रकरण जवळपास कुठे बघायला मिळेल?"

दीपाली गेटवर जीपची वाट बघत उभी होती. सरांनी तिला गाडीत पुढं बसवलं, मी मागं बसले. हे नियमात बसत होतं की नाही ते मी विचारलं नाही. खिंड उतरून धरणाच्या कडेनं जाताना दीपालीनं वडिलांना फोन लावला.

"आबा, भाजायचं ऱ्हायलंय का काई? सर येत्यात बघायला."

पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आलं.

"एक तुकडा हाय म्हणतात," ती म्हणाली. "पण चहा आधी."

चहा झाला. बबनभाऊ, म्हणजे दीपालीचे वडील, आम्हाला घरामागच्या उतारावर घेऊन गेले. खाटेएवढे पाच तुकडे भाजून काळे झालेले, एक बाकी. पाला, टहाळ, शेण, वर बारीक माती. कडेचं गवत खरवडून टाकलेलं, म्हणजे आग पळायला नको. कविता समोर अंथरून ठेवल्यासारखी दिसत होती. मी बावीस वर्षं तिचा अर्थ सांगत होते आणि तिला पाहत होते आज पहिल्यांदा. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त गंमत वाटली.

बबनभाऊंनी पेटती काडकी सरांच्या हातात दिली. "घ्या सर. तुमीच लावा."

दीपालीनं तोंड उघडलं, पण वडिलांनी डोळ्यानंच गप्प केलं. सरांनी पाहुण्यासारखं जवळचं टोक निवडलं. वारा त्यांच्या पाठीवर. त्यांनी वाकून काडकी लावली, आणि आग वाऱ्यासंगं अशी धावली की आम्ही काही बोलेपर्यंत पलीकडच्या टोकाला पोचली आणि विझली. सरांच्या हातात काडकी तशीच.

बबनभाऊ उकिडवे बसले. बोटानं माती बाजूला केली. खाली पाला तसाच, शेण कच्चं, जमीन थंड.

"वरवरचं जळलं," ते म्हणाले. "आत पोचलंच न्हाई. सर, तुमचा हा पेपर पुन्ना द्यावा लागंल."

दातार सर आधी बबनभाऊंकडे बघत राहिले, आणि मग इतके हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. हसू ओसरल्यावर म्हणाले, "ते गाईड माझं आहे, दीपाली."

तिचं तोंड बघण्यासारखं झालं. "सर, तुमी गाडीतून पाहिलं असं मी लिवलंय."

"अगं, गाडीतूनही नाही पाहिलं. नुसतं वाचलं होतं."

बबनभाऊंनी पाला पुन्हा सारखा केला, वर माती पसरली आणि काडकी दीपालीला दिली. ती वळसा घालून खालच्या टोकाला गेली, वारा तोंडावर घेऊन उभी राहिली आणि पेटवलं. धूर सावकाश वर यायला लागला. आम्ही दुसरा चहा घेतला तरी आग अर्ध्यावरही आली नव्हती.

सरांनी बांधावर बसूनच पिशवीतून गुणतक्ता काढला, मोकळी चौकट भरली आणि मला सही करायला दिला. बबनभाऊंनी मान लांब केली.

"पोरगी पास झाली का?"

"गुण सांगायचे नसतात भाऊ. नियम आहे."

"मंग नापास असंल तर तेवढं सांगा."

"सांगण्यासारखं काही नाही," सर म्हणाले.

बबनभाऊंनी क्षणभर विचार केला आणि मग ओरडून बायकोला सांगितलं की भात टाक, पावनी जेवून जाणार हायेत.

आता गोपनीय राहिलेलं नाही म्हणून सांगते, अठरा. दोन कापले ते 'लेखकाविषयी आदर कमी' म्हणून, असं सर परतीच्या वाटेवर म्हणाले. मग विचारलं, "इतकी वर्षं त्या बाईला आपण उगीचच मारत होतो, नाही?"

"माझ्या वर्गात तरी दरवर्षी एकदा," मी म्हटलं.

दीपाली आता एम.ए. करते आहे. गाईडची नवी आवृत्ती आली आहे, त्यात बाई मरत नाही, पेरणी करते. मीही ती कविता शिकवायची रीत बदलली. पुस्तक उघडण्याआधी विचारते, "कुणाच्या घरी राब भाजतात?" मागच्या बाकांवरून आठ-दहा हात वर येतात, आधी दबकत, मग सरळ. असे हात दरवर्षीच माझ्या वर्गात बसलेले होते. मीच कधी विचारलं नव्हतं.