वाफवालीची सही

हॉस्पिटलात तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे वाफवाली म्हणत. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत वाफेचं मोठं मशीन होतं, आणि ऑपरेशनची हत्यारं त्यात घालून निर्जंतुक करणं हे तिचं काम. सोळा वर्षं ती त्या मशीनशी भांडत, त्याला दटावत, कधी लाडाने थोपटत आली होती. बाईच्या जिभेला हाड नव्हतं. डॉक्टर असो की झाडूवाला, चुकला की त्याची खैर नसे.

देवाचीही नव्हती. तिचा नवरा रंगारी. तीन वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तोवर ही बाई दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्याने गायची. पाळक आणि मंडळीतले चार जण भेटायला आले, 'देवाची इच्छा' म्हणाले, आणि हिने त्यांच्या हातातले चहाचे कप काढून घेऊन त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. या घरात पुन्हा देवाचं नाव निघता कामा नये, असं तिने नवऱ्यालाही बजावलं.

त्या मंगळवारी नवऱ्याला ताप होता आणि शेजारीण दुपारपर्यंतच त्याच्याजवळ थांबणार होती. लवकर सटकता यावं म्हणून बाईने दोन खेपांचा माल एकाच खेपेत कोंबला. प्रत्येक खेपेच्या मधोमध कपड्यांचं एक गाठोडं असतं आणि त्याच्या पोटात कागदाची पट्टी. वाफ आतपर्यंत पोचली की पट्टी पूर्ण काळी होते. ती पाहायची आणि मगच रजिस्टरवर सही करायची, असा नियम. पण पट्टी रोज काळीच निघते म्हटल्यावर सही आधी आणि पट्टी मागून, अशी तिला सवय लागून गेली होती. त्या दिवशीही तिने सही ठोकली, ट्रॉली वर थिएटरात गेली, आणि मग तिने गाठोडं सोडलं.

पट्टी कडेला काळी होती आणि मधे पांढरी.

वर एका माणसाच्या मांडीच्या हाडात सळी बसवायची होती. अशा हत्यारांनी जखम चिघळली तर पाय जातो, कधी माणूसही जातो. आणि सांगावं तर नोकरी जाणार, यात शंकाच नव्हती. उशिरा येण्यावरून तिला मागच्याच महिन्यात शेवटची ताकीद मिळाली होती. घरात मिळवणारी ती एकटी.

तिने पट्टी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर वापरलेले हातमोजे टाकले. जखमा काय, हजार कारणांनी चिघळतात. साडेदहा झाले होते. पावणेअकराला चाकू लागणार होता.

तेवढ्यात खोलीत कोणीतरी उभं आहे असं तिला वाटलं. ती वळली. दार बंद होतं, मशीन उरलीसुरली वाफ सोडत होतं. भुताखेतांना भिणारी बाई ती नव्हे, आणि हे तसलं काही नव्हतंच. तिच्या मागे, हातभर अंतरावर, कोणीतरी थांबलं होतं. रागावत नव्हतं, समजूतही काढत नव्हतं. आणि तिला ओळख पटली. नवरा पडला त्या दुपारी तो बेशुद्ध होता, ती त्याच्या पलंगाशी बसली होती, तेव्हाही हेच कोणीतरी तिच्या मागे उभं होतं. नर्स असेल, असं तेव्हा तिने स्वतःला सांगून टाकलं होतं.

बाई भडकली. "तेव्हा घसा फोडून बोलावलं तर बोट हलवलं नाहीस," ती दातओठ खात म्हणाली, "आणि आज बरोबर माझी पट्टी तपासायला आलास?"

तो गेला नाही.

"माझी नोकरी गेली तर त्याला खायला कोण घालणार? तू?"

टोमणा मारून झाला आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण प्रार्थना करतोय. तीन वर्षांतली पहिली. तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

लिफ्ट वर अडकलेली. तीन मजले चढायचे. दुसऱ्या मजल्यावर तिला धाप लागली, तरी थांबली नाही. "थांबव रे त्यांना, देवा, थांबव," एवढंच तोंडात. थिएटरबाहेरच्या बाकावर रुग्णाची बायको नवऱ्याच्या चपला पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. वाफवालीने तिची नजर टाळली आणि दोन्ही हातांनी दार बडवलं.

"काय आहे?" मोठ्या सिस्टर मास्कआडून खेकसल्या. "सर सुरू करतायत!"

"करू नका! हत्यारांना वाफ नीट लागलेली नाही!"

आत सगळे जागच्या जागी थिजले. सर्जनच्या हातात चाकू होता, अजून टेकला नव्हता. सिस्टर दारात आल्या, पट्टी पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मशीन बिघडलं ना? मशीनच बिघडलं असणार. तसं लिहून टाकू." जुनी ओळख होती. बाई सुटावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

वाफवालीच्या ओठांवर 'हो' आलं होतं. मागचा तो अजून तिथेच होता, आणि त्याच्यासमोर तिला ते म्हणवेना.

"मशीन धडधाकट आहे," ती म्हणाली. "मी माल कोंबला. पट्टी न बघता सही केली. आजच नाही सिस्टर, रोजच तशी करते."

सर्जनने चाकू खाली ठेवला. "हिलाच पुन्हा लावू दे," तो थंडपणे म्हणाला. "मग ऑफिसात पाठवा."

तिने माल दोन खेपांत लावला. दोन्ही पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या, मग सह्या केल्या. दोन वाजता ऑफिसने तिचं ओळखपत्र काढून घेतलं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, कचऱ्याच्या डब्यासकट.

"म्हणजे नोकरी गेली," तो म्हणाला.

"गेली."

"आणि तो माणूस?"

"त्याचं ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात." ती चादरीचं टोक ओढत राहिली. "अहो, मी त्याच्याशी बोलले. प्रभूशी. बोलले कसली, भांडलेच. आता पुढचं मला काही सुचत नाही. तुमची हरकत नसेल तर दोघं मिळून त्याच्याशी बोलू."

नवऱ्याचे डोळे भरून आले आणि त्याला हसूही आवरेना.

"अगं, हरकत कसली? आधी मला उठवून बसव. तीन वर्षं तुझ्या धाकाने पांघरुणात तोंड घालून प्रार्थना करतोय!"

तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं आणि पाठीशी दोन उशा लावल्या. मग हात जोडून बसली खरी, पण कशी सुरुवात करावी ते तिला आठवेना. तेव्हा ती नवऱ्यानेच केली.