साडूंना पसंत पडलेला दिवा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढी माणसं मला भेटली, त्या सगळ्यांनी मिळून आणला नसेल एवढा राग मला एकट्या आमच्या थोरल्या साडूंनी आणलेला आहे. साडू वयाने मोठे, त्यामुळे अहो-जाहो करावं लागतं, नाहीतर माझ्या तोंडाला कुणी आवर घातला नसता. धंदा फोटोग्राफीचा. स्टुडिओ नाही. देऊळ असो, गच्ची असो, कारखान्याचं आवार असो, कार्य असेल तिथे हे सामान खांद्याला लावून हजर. तेव्हा उचलून नेता येईल असा दिवा हवा, हे मान्य. पण इतर लोक असा दिवा दुकानात जातात नि घेऊन येतात. आमचे साडू चार-चार महिने पारखत बसतात. लेकीसाठी स्थळ बघतानाही त्यांनी एवढ्या चौकश्या केल्या नव्हत्या.

डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, यात माझा काय गुन्हा? पण भाड्याने आणलेला प्रत्येक दिवा बॅटरी, स्टँड आणि छत्रीसकट खांद्यावर घेऊन साडू आमचे चार मजले चढणार, दारात उभे राहून अथर्वशीर्ष म्हणायला लागणार, आणि मध्ये धाप लागली की दिवा नापास. वर मलाच ऐकवणार, "साडूभाऊ, खोक्यावर छापलेलं वजन तळमजल्यावरचं असतं." बॅटरीची परीक्षा तर विचारू नका. ती किती तास चालते हे कंपनी लिहिते, त्यावर यांचा विश्वास नाही. "लिहिणाऱ्याला आपल्याकडचे मुहूर्त किती लांबतात ते काय माहीत?" म्हणून मानपाड्याला एका ओळखीच्या घरी सत्यनारायण होता, तिथे संकल्पाला दिवा लावून ठेवला. तिसऱ्या अध्यायात दिवा विझला. साडूंनी "नापास" म्हणून तो भर कथेत पिशवीत भरला आणि गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पोथी मिटली. आणि उजेड बघायचा तो कुणाच्या तोंडावर? माझ्या. मी जेवत असलो तरी समोर फटाफट फ्लॅश. एकदा मी आमटीत मीठ समजून साखर घातली, इतके डोळ्यांपुढे हिरवे ठिपके. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हसत असायची.

हे सगळं एरवी मी सोसलं असतं. पण हे दिवे आईसाठी चालले होते. माझ्या आईचे डोळे एकाही फोटोत उघडे नाहीत. फ्लॅश उडायच्या आधीच मिटतात. लग्नाच्या फोटोतही मिटलेले. वडील म्हणायचे, अंतरपाट दूर झाला तरी हिने मला पाहिलं नाही. तर मार्गशीर्षात आईने साडूंना सांगितलं, "माझ्यामागे भिंतीवर लावाल तो फोटो उघड्या डोळ्यांचा हवा. घरात काय चाललंय ते मला दिसायला नको का?" आणि तो काढायचा शीळफाट्याच्या अलीकडे, जिथे तिचं लग्न लागलं त्या देवळात. सभामंडप अंधारा, विजेची सोय नाही. तिचं हृदय अधू झालेलं, डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. साडू मात्र अध्याय मोजत बसलेले. होळी झाली, पाडवा झाला. शेवटी माझं टाळकं सरकलं. "अहो, तुमचा दिवा पास होईपर्यंत आई राहायला हवी ना," असं मी भर जेवणात बोललो. साडूंनी पानातलं संपवलं, हात धुतला आणि म्हणाले, "रविवारी सकाळी निघू."

रविवारी त्यांनी काय आणलं असेल? तळहाताएवढा एलईडीचा दिवा आणि उजेड मऊ पडावा म्हणून त्यावर बांधायला पांढरा पंचा. आई जरीची साडी नेसून मंडपात खांबाशी बसली, आणि हे म्हणतात, स्टँड घरी राहिला. चार महिने दिवा पारखणारा माणूस स्टँड विसरतो. मी देवाच्या दारात काय काय बोललो ते आता लिहिता येणार नाही. "बोला, पण हा धरून बोला," म्हणत त्यांनी दिवा माझ्या हातात दिला आणि मला आपल्या डाव्या हाताला उभं केलं. मी दिवा धरून तणतणतोय, आई माझ्याकडे बघत म्हणतेय, "अरे, पुरे रे आता, मोठे आहेत ते," आणि तेवढ्यात फोटो निघाला. डोळे टक्क उघडे.

परत निघताना गाडीत सामान ठेवायला गेलो, तर सीटखाली स्टँड. मी तो बाहेर ओढून साडूंपुढे धरला. "दिव्याकडे बघितलं की मावशींचे डोळे मिटतात," साडू म्हणाले. "तुमच्याकडे बघताना मिटत नाहीत. इतके दिवस घरी येऊन तेच बघत होतो." मग आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, सांगितलं असतं तर तुम्ही शहाण्यासारखे उभे राहिला असता.

श्रावणात आई गेली. तेराव्याला आलेला प्रत्येक जण म्हणाला, फोटो सुरेख, पण नजर जरा बाजूला गेलीय. मी चिडून साडूंना फोन लावला, म्हटलं कॉम्प्युटरवर तेवढी बुबुळं समोर आणा, लोक नावं ठेवतात. "नाही आणणार," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. थोरले ते, काय करणार. फोटोतली नजर आपण कुठेही उभं राहिलं तरी बदलत नसते, एवढं मलाही कळतं. तरी रोज हार घालून झाला की मी दोन पावलं डावीकडे सरकतो आणि तिथे थोडा वेळ उभा राहतो.